‘नादकला’ की ‘ध्वनिकला’?

प्रश्न असा : रस्त्यावरचे हॉर्न, ड्रिलिंग, लाउडस्पीकर यांची ध्वनिमुद्रणं वापरून केलेल्या मांडणशिल्पाचं (इन्स्टॉलेशनचं) माहितीपत्रक मराठीत लिहायचंय, मसुदा सोबत आहे. ‘साउंड आर्ट’ला ‘नादकला’ म्हणावं की ‘ध्वनिकला’? आणि ‘ध्वनिप्रदूषण’ हा शब्द बरोबर आहे का?

ध्वनिकलाच. ‘नाद’ गोडाकडे झुकतो : घंटानाद, नादमधुर. (शिवाय ‘नादकला’ वाचून कुणाला तरी ‘नादी लागणं’ आठवणारच.) ट्रकच्या हॉर्नला नाद म्हणवत नाही. ‘ध्वनी’ तटस्थ आहे. त्यात आणखी एक गंमत आहे. आनंदवर्धनाच्या काव्यशास्त्रात ध्वनी म्हणजे थेट न सांगता सुचवलेला अर्थ, आणि आपणही ‘बोलण्यातून नाराजी ध्वनित झाली’ असं सहज म्हणतो. या कलेचं कामही बरंचसं तसंच चालतं. मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन ध्वनिकलावंताने 1977 साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पादचाऱ्यांच्या वाटेतल्या लोखंडी जाळीखाली एक सतत घुमणारा स्वर बसवला. पाटीबिटी काही नाही. कुणाला वाटावं, खाली एखादं यंत्र चालू असेल. पण एकदा तो स्वर लक्षात आला, की भोवतीची रहदारीही कान देऊन ऐकली जाते.

‘ध्वनिप्रदूषण’वर आक्षेप घेतात तो असा : जलप्रदूषणात पाणी खराब होतं, इथे ध्वनी कुठे खराब होतो? पण जलप्रदूषण म्हणजे जलाचं प्रदूषण, तर ध्वनिप्रदूषण म्हणजे ध्वनीने केलेलं. समास वेगळा, शब्द बिनचूक. मात्र तो नियमावलीतला शब्द आहे. भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, तिथे तो शोभतो. माहितीपत्रकात एकदा येऊ द्या, पुढे साधे शब्द वापरा. तेही निवडून : गलका माणसांचा, दणदणाट डीजेचा, घरघर यंत्राची. ‘गजबज’ टाळा, तिच्यात बाजाराची रौनक आहे.

परिणामांसाठी तर मराठीकडे तयार भेद आहे. फटाका फुटला की कानठळ्या बसतात. तेच ते दिवसभर ऐकून कान किटतात. तुमचं मांडणशिल्प मला या दुसऱ्या, कान किटवणाऱ्या जातीचं वाटतं, तेव्हा ‘कानठळ्या बसवणारा अनुभव’ हे तुमच्या मसुद्यातलं वाक्य बदला.

आणि ‘ध्वनी कला’ असं तोडू नका. एकच शब्द, ‘नि’ ऱ्हस्व : ध्वनिकला.