ट्रस्ट डीडमधल्या माफीपेक्षा तुमची सही महाग पडेल

प्रश्न : वडिलांनी आम्हा दोघा भावंडांसाठी खासगी ट्रस्ट केला. काका आणि वडिलांचे एक मित्र विश्वस्त आहेत. चार वर्षांपूर्वी काकांनी ट्रस्टचे १८ लाख रुपये स्वतःच्या फर्मला विनातारण कर्जाऊ दिले. चेकवर मित्रांचीही सही आहे. फर्म बुडाली. 'कोणत्याही नुकसानीस विश्वस्त जबाबदार राहणार नाहीत' असं डीडमध्ये कलम आहे. आता काका 'हिशेब मान्य, तक्रार नाही' अशा कागदावर सही मागताहेत. मी २३ वर्षांची, भाऊ १६ वर्षांचा. सही करू का?

उत्तर : करू नका. डीडमधल्या कलमाने काका सुटणं अवघड आहे, तुमच्या सहीने मात्र ते सुटू शकतात.

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ चं कलम २३ सांगतं की विश्वासभंगामुळे झालेलं नुकसान विश्वस्ताने भरून द्यायचं. सूट कधी? लाभार्थ्यानेच फसवून ते करवून घेतलं असेल, किंवा सज्ञान लाभार्थ्याने दबावाविना, सगळी वस्तुस्थिती आणि आपले हक्क माहीत असताना त्याला संमती दिली अथवा नंतर ते मान्य केलं असेल, तर. काकांचा कागद नेमका हाच 'नंतर मान्य केलं'चा पुरावा तयार करतो.

डीडमधलं माफीचं कलम अगदीच निरुपयोगी नसतं. नीट विचार करून केलेली गुंतवणूक बाजार पडल्याने घटली, तर विश्वस्ताला त्याचा आधार मिळतो. पण कायद्यानेच कलम ३० मध्ये विश्वस्तांना दिलेलं संरक्षणही कलम २३ आणि (सहविश्वस्ताच्या चुकीबद्दलच्या) कलम २६ च्या अधीन आहे. त्यात कलम ५४ प्रमाणे ट्रस्टचा पैसा स्वतःच्या किंवा सहविश्वस्ताच्या वैयक्तिक हमीवर गुंतवायलाच मनाई आहे. समोरचे वकील बहुधा 'आर्मिटेज विरुद्ध नर्स' हा १९९७ चा इंग्लंडमधला निकाल दाखवतील. त्यात घोर निष्काळजीपणाही माफ होऊ शकतो असं म्हटलंय खरं, पण अप्रामाणिकपणा नाही. शिवाय स्वतःच्याच फर्मला पैसे देणं याला निष्काळजीपणा म्हणताच येत नाही.

'मी फक्त सही केली' हा मित्रांचा बचाव लंगडा आहे. पैसा कुठे जातोय हे न बघता सहविश्वस्ताच्या हाती दिला, तर कलम २६ चं संरक्षण जातं आणि कलम २७ खाली पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. दुसऱ्या एखाद्या विश्वासभंगातून ट्रस्टला झालेला नफा या तोट्यातून वजा करणं कलम २४ ला मंजूर नाही.

पैसा धंद्यात वापरला असेल तर निव्वळ नफा घ्यायचा की सहामाही चक्रवाढ व्याज, हे तुम्ही ठरवायचं. फर्म बुडालीय, तेव्हा व्याजच मागा. न्यायालयाने वेगळा दर ठरवला नाही तर तो ६ टक्के. चार वर्षांत १८ लाखांचे सुमारे २२ लाख ८० हजार होतात.

आजच दोन्ही विश्वस्तांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह लिहा : "चार वर्षांचे हिशेब, बँकेचे खातेउतारे आणि कर्जाचे कागद पाहिल्याशिवाय माझी कोणत्याही व्यवहारास संमती नाही." हिशेब मागण्याचा हक्क कलम १९ देतं. हिशेब आले नाहीत तर दिवाणी न्यायालयात हिशेबाचा आणि वसुलीचा दावा करा. भाऊ अज्ञान असल्याने त्याच्या वतीने वादमित्र, म्हणजे त्याच्यासाठी दावा चालवणारी सज्ञान व्यक्ती, लागेल. त्याच्या हिश्श्यावर तुमच्या सहीचा परिणाम होत नाही, त्याच्या स्वतःच्या सहीचाही नाही.

दावा किती काळात करायचा हे ठरवणाऱ्या मुदत कायद्याच्या कलम १० मुळे अशा दाव्याला सहसा मुदतीची अडचण येत नाही. तरीही गप्प बसू नका, कारण गप्प राहणं म्हणजे मान्यताच, असा युक्तिवाद होतो. मध्येच काकांनी काही रक्कम देऊ केली तर जरूर घ्या. फक्त पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असेल तर ते खोडून 'अंशतः, हक्क राखून' असं लिहा आणि त्या पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवा.