यलो बेल्टला अडलेला मुलगा

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मुळातच बुजरा. शाळेच्या व्हॅनमध्ये सहावी-सातवीची तीन मुलं त्याचा डबा हिसकावतात, ‘मुका’ म्हणून चिडवतात. ‘कराटे शिकला की देईल दोन ठेवून’ म्हणत वडिलांनी जूनमध्ये क्लास लावला. सप्टेंबरात यलो बेल्टची परीक्षा झाली. हेयान शोदान ही काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) करताना ‘ओरडायचं होतं तिथे आवाजच फुटला नाही आणि मग तो नुसता उभा राहिला’. नापास. आता क्लासची वेळ झाली की त्याचं पोट दुखतं. वडील म्हणतात, फी भरली आहे, जायचंच. आजी म्हणतात, नाजूक पोर, कशाला ती मारामारी. आई विचारतात, ‘आत्मविश्वास यावा म्हणून घातलं, होता तोही गेला. काढून घेऊ का?’

ताई,

इतक्यात काढू नका. पण आधी एक करा. व्हॅन आणि कराटे यांचं तुमच्या घरात एकच गाठोडं झालंय, ते सोडवा.

तीन महिने शिकलेलं नऊ वर्षांचं पोर सातवीतल्या तिघांना पुरं पडत नाही, आणि पडावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. उद्या त्याने खरंच कुणाला लगावली तर शाळेतून बोलावणं तुम्हालाच येईल. डब्याचा बंदोबस्त मोठ्यांनी करायचा. याच आठवड्यात वर्गशिक्षिकांना भेटा आणि भेटीनंतर डायरीत चार ओळी लेखी द्या. व्हॅनवाल्या काकांना सांगून त्याला त्यांच्या मागच्याच सीटवर बसवा. त्या मुलांच्या घरच्यांशी बोलायचं ते शाळेमार्फत, गेटवर हमरीतुमरी नको. आणि हे सगळं केल्याचं त्याला सांगा. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे हे कळलं की निम्मी भीती तिथेच सरते.

आता ती काता. जपानच्या ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये शिकवू लागले, तेव्हा इतोसू आंको या गुरूंनी शाळकरी मुलांना झेपतील अशा पाच काता बसवल्या. हेयान शोदान त्यांतलीच. 21 हालचाली आहेत आणि पहिलीच हालचाल डावीकडे वळून खालचा वार अडवण्याची आहे. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही शिकवण आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी गिचिन यांच्या नावाने सांगतात आणि कातांची सुरुवातही तशीच असते. ‘दोन ठेवून देईल’ म्हणणाऱ्या तुमच्या मिस्टरांच्या कानावर हे जरूर घाला.

नवव्या हालचालीला कियाय, म्हणजे पोटातून जोरात ओरडणं. आणि लगेच पाऊण फेरा वळून पुन्हा खाली अडवायचं. नवख्या मुलांची गाडी हटकून इथे अडते. ओरडायचं टेन्शन इतकं असतं की कुठल्या पायावर वळायचं तेच डोक्यातून जातं. तुमचा मुलगा नेमका तिथेच थांबला. त्याला सगळं येत नाही असा याचा अर्थ होत नाही, पहिल्या आठ हालचाली त्याने परीक्षकांसमोर केल्याच की.

बरं, ज्या मुलाला आपण नऊ वर्षं ‘हळू बोल, आजी झोपल्यात’ म्हणून गप्प केलं, त्याने वीस-तीस लोकांसमोर एकदम गर्जना करावी ही आपली अपेक्षा! त्याला संध्याकाळी गच्चीवर न्या आणि म्हणा, मला शिकव. तुम्ही मुद्दाम चुकू नका, आपोआप चुकाल. वळताना तुमचा तोल जाईल, तो हसेल, मग तुमचा मागचा पाय धरून नीट ठेवेल. कियाय आधी तुम्ही करा. शेजारच्या गच्चीवरून कुणी डोकावलं तर डोकावू दे. हाच आवाज त्याला व्हॅनमध्ये लागणार आहे. मान वर, नजर समोर आणि ‘डबा दे माझा’ हे काकांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने. बुजऱ्या मुलाला कराटेतून मिळण्यासारखं मला विचाराल तर हे पहिलं. ठोसे-लाथा कितीतरी नंतर.

तुम्ही लिहिलंय की ‘तू खूप हुशार आहेस, तुला जमेल’ असं त्याला रोज सांगता. सांगा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलं की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने लवकर विरतो. बेल्टची पद्धत चालते ती याच जोरावर. छोटा टप्पा, ठरलेला अभ्यास, आणि तुलना कालच्या स्वतःशी. म्हणून क्लासने त्याला नापास केलं याचं मला वाईट वाटलं नाही. दर तीन महिन्यांनी फी घेऊन सरसकट सगळ्यांना बेल्ट वाटणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथला बेल्ट पोरांनाही कळतो हो, फुकटचा आहे ते.

मात्र नापास कसं केलं, ते विचारा. सर शांतपणे ‘वळण पक्कं कर, पुढच्या वेळी पुन्हा ये’ म्हणाले असतील तर माणूस चांगला आहे. सगळ्यांसमोर ‘मुलीसारखा रडतो’ म्हणाले असतील, उठाबशा काढायला लावल्या असतील किंवा पालकांना तास बघूच देत नसतील, तर उरलेल्या फीवर पाणी सोडा आणि त्याच दिवशी काढा.

मिस्टर तासाला कोपऱ्यात बसून हातवारे करतात असंही लिहिलंय. त्यांना त्या वेळात खाली चहाला पाठवा. एक सर पुरे.

दिवाळीपर्यंत एवढं करून बघा. तरीही पोट दुखत राहिलं तर कराटेचा हट्ट सोडा. ज्यूदो बघा. तिथे सुरुवातच पडण्यापासून होते, हनुवटी छातीशी घेऊन, हाताने मॅटवर थाप मारत. सगळ्यांसमोर चुकण्याची धास्ती घेतलेल्या मुलाला, जिथे सगळेच धडाधड पडतायत अशी जागा बरी वाटते. मल्लखांब त्याला आवडला तर तोही चालेल. आजींना मात्र एकदा तास बघायला घेऊन जा, मारामारीआधी किती वेळ नुसतं वाकून नमस्कार करण्यात जातो ते त्यांनाही दिसेल.

पुढच्या परीक्षेची तारीख सरांना विचारून ठेवा. पण भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिला गोल करू नका. ‘परत बसू का?’ हे त्याला स्वतःहून विचारू दे.