तपास सुरू होतो तो लक्ष्याच्या यंत्रापासून

सायबरशस्त्रे, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात किंवा फोनमध्ये शिरून नासधूस वा हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, बनवणारे सारे काही गुप्त ठेवत असतील, तर बाहेरच्यांना त्यांचा छडा लागतो कसा, आणि हल्ला अमुक देशानेच केला हे ठरते कसे, असे आपण विचारले आहे. शस्त्र कितीही गुप्तपणे बनवले तरी त्याला अखेर लक्ष्याच्या यंत्रात शिरावेच लागते, आणि माग बहुधा तिथेच सापडतो. २०१० मध्ये बेलारूसमधील एका लहान अँटिव्हायरस कंपनीकडे इराणमधून तक्रार आली की संगणक सारखे आपोआप बंद होऊन सुरू होत आहेत, आणि तिच्यातूनच इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे बिघडवणारे स्टक्सनेट हे सायबरशस्त्र हाती लागले. पुढे सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या विश्लेषकांनी आणि जर्मनीतील सुरक्षातज्ज्ञ राल्फ लँगनर यांनी अनेक महिने खपून त्याचा कोड उलगडला. सीमेन्स कंपनीच्या, कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांची ठरावीक जुळणी भेटेपर्यंत स्टक्सनेट स्वस्थ बसून राहत होते, आणि अभियंत्याने नियंत्रकातील प्रोग्रॅम उघडला तरी बदललेला भाग त्याच्यापासून लपवत होते.

माणसावरची पाळतही अशीच उघडकीस येते. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना, कैद्यांच्या छळाची नवी माहिती मिळेल असे सांगणारी लिंक एसएमएसने आली. ती न उघडता त्यांनी टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधन संस्थेकडे पाठवली. संशोधकांनी ती स्वतःच्या आयफोनवर उघडली आणि पेगॅसस हे पाळतीचे सॉफ्टवेअर ज्यांतून शिरत होते त्या तीन अज्ञात त्रुटी समोर आल्या. ॲपलने त्याच महिन्यात त्या बुजवल्या. मन्सूर यांनी दाखवलेला संयम मला या तपासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मार्च २०१७ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी १० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, हेही विसरता येत नाही.

हल्ला कोणी केला, हे सांगताना मात्र फार जपावे लागते. फेब्रुवारी २०१८ मधील प्याँगचांग ऑलिंपिकवरील हल्ल्याच्या फाइलमध्ये उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस या हॅकर गटाच्या खुणा आढळल्या होत्या, पण त्या मुद्दाम पेरलेल्या असल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, आणि २०२० मध्ये अमेरिकेने त्या हल्ल्याबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. म्हणून साधन कोणते, ते कोणी बनवले आणि कोणी वापरले, या तीन प्रश्नांचे पुरावे मी नेहमी वेगवेगळे तपासतो.

आपल्या फोनविषयी शंका असेल, तर घाबरून फॅक्टरी रीसेट करू नका, कारण त्याने पुरावाच पुसला जातो. आयफोन असल्यास आधी पासवर्ड लावून एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या, त्यात साध्या बॅकअपपेक्षा अधिक नोंदी टिकतात.