व्हर्मिंटाइड २ बद्दल खेळाडूंची मतं इतकी टोकाची का? दोघा भावांनी आता सुरू करावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला आणि चुलतभावाला रात्री मिळून खेळायला एखादा को-ऑप गेम हवाय. व्हर्मिंटाइड २ नजरेत आहे, पण रिव्ह्यू वाचून डोकं चक्रावलंय. कुणी म्हणतं फर्स्ट-पर्सन तलवारबाजीत याला तोड नाही, कुणी म्हणतं नुसते उंदीर चेचायचे आणि दोन तासांत कंटाळायचं, तर कुणी म्हणतं अनोळखी लोक नव्या खेळाडूला हाकलून देतात. यातलं खरं कुठलं, आणि चौघांचा हा गेम दोघांना झेपेल का?

थेट सांगायचं तर घ्या. दोघांना व्यवस्थित झेपतो. आणि मतांचं म्हणाल तर तिन्ही खरी आहेत, फक्त ती अवघडपणाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरून आलेली आहेत. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, प्रत्येक रिव्ह्यूच्या शेजारी त्या माणसाने गेम किती तास खेळला ते दिसतं. मी आधी तो आकडा बघतो आणि मग मजकूर वाचतो. या गेमच्या बाबतीत तर तसं केल्याशिवाय काही अर्थच लागत नाही.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या फॅटशार्क स्टुडिओचा हा गेम मार्च २०१८ मध्ये पीसीवर आला. पहिला भाग २०१५ चा होता. जग वॉरहॅमर फँटसी या टेबलावरच्या युद्धखेळाचं, तेही त्याच्या शेवटच्या पर्वातलं. स्केव्हन म्हणजे माणसासारखे चालणारे उंदीर आणि उत्तरेकडचे केऑसचे रानटी योद्धे हातमिळवणी करून हेल्मगार्ट शहरावर तुटून पडलेत. आपल्या बाजूला पाच नायक आहेत: शिपाई क्रूबर, बुटका बार्डिन, एल्फ केरिलियन, विच हंटर सॉल्ट्झपायर आणि आगीची जादूगार सिएना. खेळायचं चौघांनी, आणि एक नायक एकालाच. कथा कामापुरती आहे, पण ही पाच माणसं वाटेत एकमेकांशी इतकं छान भांडतात की बरेच लोक केवळ त्यांच्या बडबडीसाठी परत येतात.

आता पातळ्यांकडे येतो. रिक्रूट, व्हेटरन, चॅम्पियन, लेजंड आणि कॅटॅक्लिझम असा चढता क्रम आहे. रिक्रूटवर शत्रूचा फटका इतका हलका लागतो की ब्लॉक करायची, म्हणजे वार अडवायची, गरजच पडत नाही. डावं बटण दाबत पुढे चालत राहा, मिशन संपतं. दोन तासांत कंटाळलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याने जो गेम पाहिला तो खरंच तेवढाच होता. माझी या गेमवर सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे की जे उत्तम आहे ते त्याने वरच्या पातळ्यांवर ठेवलंय आणि तिथवर कसं जायचं हे खालच्या पातळीवर शिकवलेलं नाही.

चॅम्पियनवर गेलात की सगळं बदलतं. तिथून पुढे फ्रेंडली फायर सुरू होतो, म्हणजे तुमचा बाण भावाच्या पाठीत बसला तर त्याला इजा होते. चिलखतवाल्यांवर हलके वार नुसते वाजतात. अशा वेळी शस्त्र म्हणजे काय ते कळायला लागतं. क्रूबरचं हॅलबर्ड, म्हणजे लांब दांड्याला कुऱ्हाड आणि भाल्याचं टोक असलेलं शस्त्र, घ्या. त्याचा एक वार आडवा जातो, एक भोसकतो, एक वरून खाली उतरतो. समोर नुसता उंदरांचा लोंढा आहे की त्यात चिलखतवाला घुसलाय, हे बघून वारांचा क्रम निवडायचा. मधेच ब्लॉक दाबून क्रम तोडायचा आणि हवा तो वार पुन्हा आणायचा. ढकलणं, बाजूला उडी मारून चुकवणं, ढकलून लगेच मारणं हे सगळं बोटांत बसलं की पंचवीस उंदरांच्या गराड्यात एक ओरखडा न लागता उभं राहता येतं. ज्यांनी हजार तास खेळून 'याला तोड नाही' असं लिहिलंय ते याबद्दल बोलतात, आणि माझंही मत ठामपणे तेच आहे. तलवार मांसाला लागली, हाडाला लागली की ढालीवर आपटली, हे हातातल्या माउसवर जाणवावं इतकं बारीक काम या लोकांनी केलंय.

पण मला हा गेम आवडतो तो एवढ्यासाठी नाही. को-ऑप म्हणवणारे बरेच गेम असे असतात की चौघं एकाच नकाशात आपापलं खेळतात. इथे ते चालत नाही, आणि त्याचं कारण गेमच्या रचनेतच आहे. काही शत्रू असे आहेत की त्यांनी पकडलं की तुम्ही स्वतःहून सुटूच शकत नाही. हुक रॅट लांब आकड्याने गळा धरून ओढत नेतो आणि वर लटकवतो. असॅसिन उंदीर छपरावरून अंगावर झेप घेतो आणि वार करत सुटतो. लीच नावाचा जादूगार अचानक शेजारी प्रकटतो आणि जीव शोषून घेतो. तिन्ही वेळा तुमचा खेळ संपलेला असतो, सोबती येऊन सोडवेल तेव्हाच हात हलतात. कबड्डीत साखळी तुटली की कोपरा जसा उघडा पडतो, तसा पुढे धावलेला खेळाडू इथे उघडा पडतो, मग त्याचा हात कितीही साफ असो.

यात सगळ्यात मोठी मदत आवाजाची होते. हुक रॅट आणि मशीनगनवाला उंदीर दिसायच्या आधी त्यांची कुजबुज ऐकू येते. पाठीमागून वार येत असेल तर त्याचा वेगळा आवाज आहे. लोंढा येण्याआधी दूरवर एकच कल्लोळ उठतो. चिलखतवाल्या उंदरांची गस्त असेल तर पावलांचा ठेका भिंतीपलीकडून येतो, आणि तो आला की सराव असलेले चौघं काही न बोलता एका कोपऱ्यात थांबतात, गस्त जाऊ देतात. जेस्पर किडचं संगीतसुद्धा प्रसंगाप्रमाणे बदलतं. म्हणून एक आग्रहाची विनंती: स्पीकरवर खेळू नका, दोघंही हेडफोन घ्या. गाणी लावून खेळणारा माणूस या गेममधला अर्धा भाग घालवतो.

एकत्र राहायला लावणारी दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकं. बहुतेक मिशनमध्ये तीन टोम आणि दोन ग्रिमॉयर दडवलेले असतात. शेवटपर्यंत नेले तर बक्षिसाची पेटी चांगली मिळते. टोम उचलला की औषधाची जागा अडते. ग्रिमॉयर उचलला की जादूच्या काढ्याची जागा तर जातेच, शिवाय फक्त उचलणाऱ्याचं नाही तर चौघांचंही कमाल आरोग्य घटतं. आणि ग्रिमॉयर खाली ठेवता येत नाही, टाकला की नष्टच होतो. म्हणजे एकाच्या हव्यासाची किंमत सगळे मोजतात, म्हणून आधी विचारावं लागतं. 'ग्रिम घेऊ का?' हा प्रश्न विचारणारा अनोळखी खेळाडू भेटला की मला त्या रात्रीच्या खेळाची खात्री वाटते.

आता अनोळखी लोकांचा मुद्दा. हाकलून देणं होतं, पण कुठे होतं ते बघा. लेजंडवर नवखा माणूस शिरला आणि लांबून सोबत्यांच्याच पाठीत गोळ्या घालू लागला, तर त्याला काढतात. रिक्रूट आणि व्हेटरनवर मला आजवर बहुतेक सांभाळून घेणारेच लोक भेटलेत, नायकाची कमाल लेव्हल ३५ गाठलेले, नव्यांना लपलेले टोम दाखवत फिरणारे. खरा त्रास मला दुसऱ्याच गोष्टीचा वाटतो, तो म्हणजे मिशननंतरच्या गुणफलकाचा. किती मारले, किती इजा केली, किती जणांना उठवलं, प्रत्येक रकान्यात पहिल्याला हिरवं वर्तुळ मिळतं. त्या वर्तुळांसाठी लोक पुढे धावतात, दुसऱ्याचा शत्रू हिसकावतात आणि मग चॅटमध्ये वाद घालतात. चौघांनी मिळून जिंकायच्या गेमने शेवटी चौघांना एकमेकांशी का तोलावं, हे मला पटत नाही. बघायचाच असेल तर दोनच रकाने बघा: तुम्ही किती मार खाल्ला आणि हुक रॅटसारखे किती विशेष शत्रू टिपले. बाकी आकडे नायक आणि शस्त्रावर अवलंबून असतात.

तोचतोचपणाच्या तक्रारीत तथ्य आहे. मूळ मोहिमेत तेरा मिशन आहेत, नकाशे बदलत नाहीत, बदलते ती शत्रूंची मांडणी. वस्तू मिळणं बरंचसं नशिबावर असतं, आणि हव्या त्या लाल, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, वस्तूची वाट बघून वैतागलेल्यांचे रिव्ह्यू तुम्ही वाचले असतीलच. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या विंड्स ऑफ मॅजिक या विस्ताराने नाराजी आणखी वाढवली. त्यातले बीस्टमेन, म्हणजे पशुमानव, आणि त्यांचा तो निशाण रोवणारा शत्रू आजही अनेकांना नकोसा वाटतो. जुने नकारात्मक रिव्ह्यू वाचताना तारीख नक्की बघा, त्यातले पुष्कळ त्या काळातले आहेत.

कारण नंतर एप्रिल २०२१ मध्ये केऑस वेस्ट्स हा नवा मोड आला, तोही फुकट. यात साध्या शस्त्रांनिशी सुरुवात करायची, वाटेत नाणी गोळा करायची, त्यातून वरदानं आणि चांगली शस्त्रं घ्यायची, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुढची वाट चौघांनी मिळून ठरवायची. प्रत्येक फेरी वेगळी होते. वस्तूंच्या नशिबाची कटकटही तेवढ्यापुरती मिटते, कारण जुनी जमवलेली शस्त्रं तिथे नेताच येत नाहीत. माझ्या मते आज हा गेम विकत घ्यायचं सगळ्यात मोठं कारण केऑस वेस्ट्स आहे. २०२४ च्या शेवटी चार विरुद्ध चारचा व्हर्सस मोडही आला, त्यात एक बाजू हुक रॅट वगैरे होऊन खेळते. तो मजेदार आहे, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे घाई करू नये.

भारतातून खेळताना एक अडचण आहे ती आधीच सांगतो. को-ऑप खेळताना कंपनीचा सर्व्हर सामना चालवत नाही, चौघांतला एकजण होस्ट असतो, म्हणजे त्याच्याच संगणकावर सामना चालतो. तो फार लांबचा असेल तर उंदीर जागच्या जागी उड्या मारताना दिसतात आणि चुकवलेला वारही लागतो. तुम्हा दोघांपैकी ज्याचं इंटरनेट जास्त स्थिर आहे त्याने होस्ट व्हावं. आणि एकट्याने बॉट घेऊन खेळायचं म्हटलं तरी इंटरनेट लागतंच.

बॉट म्हणजे रिकाम्या जागा भरणारे संगणकाचे सोबती. तुम्ही दोघं आणि दोन बॉट हा व्हेटरनपर्यंत उत्तम मेळ आहे. पडलेल्याला उठवायला ते इमानाने धावतात, नेमही चांगला असतो. विषारी धूर आणि आग मात्र त्यांना नीट कळत नाही. चॅम्पियनवर जायची वेळ आली की दोन जागा अनोळखी लोकांसाठी उघडा.

नायक निवडताना एकाने क्रूबरचं मर्सिनरी करिअर घ्यावं (करिअर म्हणजे त्याच नायकाची खेळायची वेगळी शैली). त्याच्या एका आरोळीने आजूबाजूचे शत्रू डळमळतात आणि जवळच्या सोबत्यांना तात्पुरतं आरोग्य मिळतं, म्हणजे दोघांनी जवळजवळ राहायची सवय आपसूक लागते. दुसऱ्याने बार्डिन रेंजर व्हेटरन घ्यावा. विशेष शत्रू मेले की त्याच्यामुळे दारूगोळा मिळतो आणि अडचणीत धुराचा गोळा टाकून पडलेल्याला उठवता येतं. प्रत्येक नायकाचं दुसरं करिअर लेव्हल ७ ला आणि तिसरं १२ ला उघडतं, तोवर हीच जोडी ठेवा. चौथी करिअर वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतात, ती आत्ता अजिबात घेऊ नका.

मूळ गेमसुद्धा सेलची वाट बघून घ्या. सवलत वारंवार आणि भरघोस असते, नोव्हेंबर २०२२ मध्ये तर स्टीमवर काही दिवस चक्क फुकट वाटला होता. त्यामुळे आधी भावाच्या स्टीम लायब्ररीत शोधून बघायला सांगा. तेव्हा घेऊन विसरून गेलेले खूप जण आहेत.