सर्टिफिकेट भाड्याने देणे ही नोकरी नव्हे

प्रश्न : मुलाने डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) केले, नोंदणीआधीची एक्झिट एक्झाम पास झाला, फार्मसी कौन्सिलची नोंदणीही मिळाली. कोपरखैरण्याचे एक मेडिकलवाले त्याचे सर्टिफिकेट दुकानात लावायचे महिना आठ हजार देतात. मूळ सर्टिफिकेट त्यांनी बघायला ठेवून घेतले आहे. बसल्या जागी बी.फार्मची फी निघेल, पण मुलगा ऐकत नाही. व्यवहार कळत नाही त्याला. तुम्ही समजवा. – एक पालक, घणसोली

उत्तर : मुलाचे बरोबर आहे. काळजी वाटते ती तुमच्या आग्रहाची. वडिलांनीच असा दबाव आणला, तर मुलगा किती दिवस नाही म्हणेल?

‘नुसता कागद भिंतीवर लागणार’ हा गैरसमज आधी काढून टाका. औषध नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच देता येते. शेड्यूल एच-१ मधली औषधे, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची औषधे, सवय लागणाऱ्या गोळ्या, विकली की डॉक्टरचे नाव-पत्ता, पेशंटचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते तीन वर्षे जपायचे. ते भरणार काउंटरवरचा हेल्पर, जाब विचारणार तुमच्या मुलाला. एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) निरीक्षक दुपारी आले, तर त्याच वेळी कॉलेजात त्याची हजेरी लागलेली असेल. खोटे पकडायला आणखी पुरावा लागत नाही. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ३६ खाली त्याचे नाव नोंदणीतून कायमचे जाऊ शकते.

दोष व्यवस्थेचाही आहे, आणि मोठा आहे. दोन वर्षे शिक्षण, ५०० तासांचे प्रशिक्षण, वर ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेली एक्झिट एक्झाम : तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के, तेही एकाच खेपेत. सगळा कडकपणा दारात. आत आलेला माणूस काउंटरवर उभा असतो की नाही, हे निरीक्षक येतील त्या दिवशीच कळते. परीक्षा आणखी अवघड करून हे थांबणार नाही. सर्टिफिकेटे कमी झाली की त्यांचे भाडे वाढेल. त्यापेक्षा बिलावर त्या वेळी हजर असलेल्या फार्मासिस्टचा नोंदणी क्रमांक छापा, आणि तो क्रमांक कोणत्या दुकानाचा हे गिऱ्हाइकाला मोबाइलवर तपासता येऊ द्या.

डी.फार्मनंतर बी.फार्मला राज्याच्या सीईटी सेलमार्फत (प्रवेश परीक्षा कक्षामार्फत) थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कमवायचेच असेल तर हॉस्पिटलच्या फार्मसीत किंवा मेडिकलमध्ये खरी नोकरी धरू द्या : नेमणूकपत्र, पगार बँकेत, रोजची हजेरी. सोडताना राजीनाम्याची प्रत एफडीएच्या ठाणे कार्यालयात देऊन पोच घ्यायची. नाहीतर नाव जुन्याच दुकानावर अडकून राहते आणि नव्या ठिकाणी लावताना अडचण येते.

आणि ते मूळ सर्टिफिकेट आजच परत आणा.