वाचकांचे प्रश्न : गावात फुकट फायबर, सही करावी का?

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गाव आणि तीन वाड्या मिळून साडेचारशे घरं. एक खाजगी कंपनी म्हणतेय गावभर फायबर फुकट टाकतो, फक्त १५ वर्षं दुसऱ्या कुणाला परवानगी द्यायची नाही आणि रस्त्यावरचे खांब वापरू द्यायचे, असा ग्रामसभेचा ठराव घ्या. पंचायतीत भारतनेटचा, म्हणजे केंद्राच्या गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेचा, बॉक्स आहे पण तो कायम बंद. सरपंच म्हणतात सही करू, पोरांना नेट तरी मिळेल. काय करावं?

उत्तर : ताई, आहे त्या कागदावर सही करू नका. पोरांसाठी सरपंचांची तळमळ अगदी खरी आहे, पण "दुसऱ्या कुणाला परवानगी नाही" ही एक ओळ गावाला १५ वर्षं महागात पडेल, उद्या त्यांनी दर वाढवले, दुरुस्तीला माणूस पाठवणं बंद केलं किंवा कंपनीच विकली गेली तर तुमच्या हातात काय राहणार? शिवाय २०२३च्या दूरसंचार कायद्यात केबल टाकायला वाट देताना भेदभाव करायचा नाही आणि शक्य तोवर ती एकट्याला राखून द्यायची नाही असं म्हटलंय, त्यामुळे असा ठराव घेऊन पंचायतच अडचणीत येऊ शकते. आणि खांब बहुतेक महावितरणचे असतात, परवानगी तिथूनच घ्यावी लागते. केरळने २०२३ मध्ये केफॉन हे राज्याचं स्वतःचं फायबर जाळं सुरू केलं त्यात तर राज्याच्या वीज मंडळालाच जवळजवळ निम्म्याचा भागीदार करून घेतलंय आणि केबल त्यांच्याच खांबांवरून नेलीय.

आता तो बंद बॉक्स. आधी त्याच्याकडे बघा, मनापासून सांगतो. आमच्या गावी असाच एक कपाटावर पडून होता, वर जुन्या दप्तरांचा गठ्ठा, कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणायची मशीन खराब आहे. मशीन चांगलं होतं, त्यावर एलओएस लिहिलेला बारीक दिवा लाल लुकलुकत होता, म्हणजे फायबरमधून उजेडच पोचत नव्हता. नळपाण्याची चर खणताना जेसीबीने ओढ्याजवळ केबल तोडलेली आणि आठ महिने कुणी तक्रारच केली नव्हती. तुम्ही दिव्याचा तारखेसकट फोटो काढा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. भारतनेटच्या आधीच्या कामात केबल बरीचशी एका सरळ ओळीत गेलीय, एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ साली केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला त्यात रिंग करायचं ठरलंय, एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील अशी. तुमच्या गावाचा नंबर कधी ते त्याच अर्जात विचारा. लाइन चालू झाली की घराघरात कनेक्शन द्यायला भारतनेट उद्यमी ही योजना आहे, गावातला केबलवाला किंवा एखादा शिकलेला तरुण बीएसएनएलबरोबर उत्पन्नाची वाटणी करून हे काम घेऊ शकतो, आणि तुटलेली केबल जोडायला माणूस गावातच असतो.

मग पंचायतीने काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे, फायबर ज्यातून ओवतात ती नळी गावाची ठेवा आणि सेवा ज्याला द्यायचीय त्याला देऊ द्या. स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने १९९४ पासून हेच केलंय, शहराच्या मालकीची कंपनी नुसती फायबर टाकते आणि सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्याने देते, ग्राहकाला इंटरनेट विकण्याच्या भानगडीत ती पडत नाही. आपल्याला एवढं मोठं नको, पण गटाराचं, रस्त्याचं, पाइपलाइनचं काम निघेल तेव्हा त्याच चरीत ४० मिलिमीटरची एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकची, नळी टाकून ठेवता येते. खर्चाचा मोठा वाटा खोदाईचाच असतो आणि ती तर होतच असते! नळी भाड्याने देण्याआधी कुठली नोंदणी लागते ते दूरसंचार विभागाला लेखी विचारून घ्या.

आणि त्या कंपनीला हाकलू नका हो, बोलवा, बसवा, फक्त १५ वर्षांची ओळ काढायला लावा आणि तुमच्या अटी घाला. वाड्या आधी, गावठाण नंतर, कारण गावठाण झालं की वाड्यांकडे कुणी फिरकत नाही हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्राला कनेक्शन मोफत. तुटल्यावर किती तासांत जोडणार आणि नाही जोडलं तर दंड किती. खणलेला रस्ता बुजवेपर्यंत अनामत पंचायतीकडे. आणि केबल कुठून कशी गेली त्याचा नकाशा पंचायतीत, तो नसला की पुढचा जेसीबी पुन्हा तिथंच खणतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाला चावडीवर वायफाय सुरू करायचंय. लायसन्स लागेल का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नाही लागत. सार्वजनिक वायफायसाठीची केंद्राची पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, त्यात पब्लिक डेटा ऑफिस म्हणजे पीडीओ, तुमच्यासारखं लोकांना वायफाय देणारं ठिकाण, चालवायला ना लायसन्स ना नोंदणी फी. चांगली ब्रॉडबँड लाइन घ्या, योजनेला चालणारा राउटर घ्या आणि नोंदणी झालेल्या एखाद्या पीडीओएला, म्हणजे अशी बरीच ठिकाणं सांभाळणाऱ्या कंपनीला, जोडून घ्या, लॉगिन आणि हिशोब ते बघतात. लाइन घेताना एक विचारा, हे कनेक्शन पीडीओसाठी चालेल ना, आणि होकार लेखी घ्या. कोकणातला पाऊस बघता राउटर पत्र्याखाली लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, आणि जोडीला छोटी बॅटरी ठेवा.