‘पुनर्बाप्तिस्मावादी’ हा शब्द चालेल का?

प्रश्न असा आहे : नेदरलँड्समधील विटमार्सम या लहानशा गावाच्या इतिहासावरील लेखाचा अनुवाद करताना ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’साठी (बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलविधी, जाणत्या वयातच घ्यावा असे मानणारा सोळाव्या शतकातील पंथ) ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ हा शब्द योजावा का?

व्युत्पत्ती पाहता शब्द बिनचूक आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ग्रीक ‘आना’ म्हणजे पुन्हा; याच पंथाच्या ‘वेडरडोपर’ या डच नावातील ‘वेडर’चा अर्थही तोच. परंतु ज्यांना हे नाव मिळाले त्यांना हा ‘पुन्हा’च मान्य नव्हता. तान्ह्या बाळाला श्रद्धा म्हणजे काय हे कळत नसल्याने त्याच्यावर झालेला विधी बाप्तिस्मा ठरतच नाही, म्हणून जाणत्या वयात घेतलेला बाप्तिस्मा हाच पहिला, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ‘पुनर्विवाह’ म्हटले की आधीचा विवाह झाला होता हे आपोआप गृहीत धरले जाते. इथेही ‘पुनर्’ हा उपसर्ग लावताच वादाचा निकाल विरोधकांच्या बाजूने लागतो.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हता. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणे-घेणे हा जुन्या रोमन कायद्यात गुन्हा होता, आणि १५२९ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे भरलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेने त्यासाठी देहदंडाचे फर्मान काढले. म्हणजे एखाद्याला हे नाव चिकटवणे हेच त्याच्यावर आरोपपत्र ठेवण्यासारखे होते. २० मार्च १५३१ रोजी फ्रीजलंड प्रांतातील लेयुवार्डन येथे सिके फ्रीर्क्स या शिंप्याचा शिरच्छेद झाला, तो याच कारणाने. त्याने एम्डेन येथे प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला होता. (त्याला ‘स्नाइडर’ही म्हणत. कापणारा या अर्थाचा हा डच शब्द शिंप्यासाठी रूढ आहे.)

विटमार्समचा संबंध इथे येतो. त्या गावी १४९६ च्या सुमारास जन्मलेले मेनो सिमन्स तेव्हा शेजारच्या पिंग्युम गावात कॅथलिक धर्मगुरू होते. सिकेच्या शिरच्छेदाची बातमी ऐकताना ‘दुसरा बाप्तिस्मा’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांना फार विचित्र वाटला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. एका अपरिचित शब्दाने माणूस ग्रंथ धुंडाळू लागावा आणि अखेर त्याचे आयुष्यच पालटावे, हे भाषेच्या अभ्यासकाला मोठे मोहक वाटते. प्रत्यक्षात शब्दाइतकाच रक्तपातही कारणीभूत ठरला. पुढे मेनो विटमार्सममध्येच धर्मगुरू असताना, १५३५ च्या वसंतात, याच पंथाच्या शस्त्रधारी गटाने बोल्सवर्डजवळचा एक मठ बळकावला. काही दिवसांतच सैन्याने तो परत घेतला आणि अनेकजण मारले गेले. जर्मनीतील म्युन्स्टर शहर तेव्हा अशाच बंडखोरांच्या ताब्यात होते. त्यामुळे ‘वेडरडोपर’ या शब्दाला पाखंडी या अर्थाबरोबर बंडखोर हाही अर्थ कायमचा जडला. मेनोंनी जानेवारी १५३६ मध्ये धर्मगुरूपद सोडले आणि शस्त्र न उचलणाऱ्या अनुयायांना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले.

या शांततावादी मंडळींना पुढे ‘मेनिस्ट’ अथवा ‘मेनोनाइट’ म्हटले जाऊ लागले. नेदरलँड्समध्ये त्यांनी स्वतःसाठी स्वीकारलेले नाव मात्र ‘डोप्सखेझिंड’ असे आहे. ‘डोप’ म्हणजे बाप्तिस्मा आणि ‘खेझिंड’ म्हणजे त्या मताचा; त्यात ‘पुन्हा’ कुठेच नाही. तरी लोकांनी त्यांना अगदीच सोडले असे नाही. ‘मेनिस्टांची खोडी’ अशा अर्थाचा डच वाक्प्रचार साळसूद लबाडीसाठी वापरला जातो. महानुभावांच्या ‘मानभाव’ या नावावरून मराठीत ‘मानभावी’ या शब्दाला जो अर्थ आला, त्याचे हे सख्खे भावंडच म्हणावे लागेल.

म्हणून माझे मत असे : लेखकाच्या निवेदनात ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’ हाच रूढ शब्द ठेवावा, कारण मराठी वाचकाला त्यातील ‘आना’ बोचत नाही. अर्थ उलगडायचाच असेल तर पहिल्या उल्लेखात ‘प्रौढबाप्तिस्मावादी’ असे स्पष्टीकरण द्यावे. त्याचे ‘बॅप्टिस्ट’ असे संक्षिप्त रूप मुळीच करू नये. तो सतराव्या शतकात इंग्रजांमध्ये उदयास आलेला वेगळा पंथ आहे. ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ हा शब्दही टाकून देण्याचे कारण नाही. सिके फ्रीर्क्सला दोषी ठरवणाऱ्यांची बाजू मांडताना तोच योजावा, कारण त्यांना तेच म्हणायचे होते.